घरातल्या ज्येष्ठांची स्मरणशक्ती आणि रोजचे व्यवहार कसे तपासतात? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी सोलापुरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मुलं, सुना, नातवंडं जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण नेमक्या तिथेच सगळ्यात जास्त चुका होताना मी पाहते. उदाहरणांतल्या कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

"साठी बुद्धी नाठी" म्हणतातच की. मग तपासायचं कशाला?

ही म्हण चुकीची आहे, म्हणून. साठीनंतर मेंदूचा वेग थोडा मंदावतो. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं आणि अर्ध्या तासानं, भाजी निवडताना अचानक आठवतं. वयामुळे होतं ते साधारण एवढंच. 'लासी-डॅड' या देशव्यापी पाहणीतून निघालेला अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के माणसांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. माणसं मोजली तर सुमारे ८८ लाख. आकडा मोठा आहेच, पण शंभरातल्या ब्याण्णव जणांना हा आजार नाही हेही त्यातच आलं. म्हणून विसर वाढायला लागला की "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. काही कारणं तर वेळेत सापडली की चक्क बरी होतात.

वयाचं विसरणं कोणतं आणि आजाराचं कोणतं?

गड्ड्याच्या यात्रेत कुठल्या दुकानातून काय घेतलं हे आठवत नाही, तर ते वयाचं. काल संध्याकाळी आपण सगळे गड्ड्याला गेलो होतो हेच आठवत नाही, आठवण करून दिली तरी चेहरा कोराच राहतो, तर दाखवून घ्या. किल्ली कुठं ठेवली ते विसरणं सगळ्यांचंच होतं. पण किल्ली ज्वारीच्या डब्यात सापडते आणि वर "सुनेनंच लपवली" असा आळ येतो, तेव्हा पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आणि दरवेळी सुरुवात विसरण्यानंच होते असंही नाही. कधी शब्द सापडेनासे होतात, "ते... ते हे दे" इतक्यावर बोलणं येतं. कधी हिशेबात कधी न चुकणारा माणूस सुट्टे पैसे न मोजताच खिशात टाकतो. कधी स्वभाव पालटतो. चाळीस वर्षं ज्या बाळीवेशीतून ये-जा केली, तिथेच कुणी वाट चुकतं.

तपासणीत नेमकं काय करतात? किती वेळ लागतो?

साधारण तास-दीड तास. आधी ज्येष्ठांशी गप्पा, मग काही छोट्या चाचण्या, मग घरच्या माणसाशी वेगळं बोलणं. तब्येतीची आणि रक्ताची तपासणी डॉक्टर करतात.

चाचण्यांची नावं तुम्हाला कागदावर दिसतील. 'एमएमएसई' ही १९७५ सालची, तीस गुणांची. 'मोका' ही २००५ मधली, तीही तीस गुणांची, पण थोडी अवघड. सुरुवातीचे बारीक बदल ती जास्त पकडते. 'मिनी-कॉग' तीनेक मिनिटांत होते: तीन शब्द लक्षात ठेवायचे, मध्ये घड्याळाचं चित्र काढून त्यात सांगितलेली वेळ दाखवायची, मग ते शब्द परत सांगायचे. यांत आज कुठला वार, आपण कुठं आहोत, एका मिनिटात किती प्राण्यांची नावं सांगता येतात, वार उलटे म्हणता येतात का, असल्या गोष्टी येतात. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण प्रत्येक प्रश्न मेंदूचं वेगळं काम तपासतो: लक्ष, स्मरण, भाषा, नियोजन, जागेचं भान.

आमची आजी शाळेची पायरी चढली नाही. ती घड्याळ काय काढणार?

तिच्यावर ते लादूच नये. ज्यांनी हातात कधी पेन धरला नाही आणि वेळ ओळखली ती मिलच्या भोंग्यावर, त्यांचं वाकडं घड्याळ बघून मेंदूबद्दल काही सांगता येत नाही. शिक्षण कमी असलं की या चाचण्यांत गुण कमी पडतात, मेंदू ठणठणीत असला तरी. 'मोका'मध्ये तर बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून द्यायची सोयच आहे, पण न शिकलेल्या माणसासाठी एक गुण म्हणजे काहीच नाही.

यावर आपल्या देशात फार चांगलं काम झालंय. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या, बहुतेक न शिकलेल्या ज्येष्ठांसाठी 'एमएमएसई' बदलून 'हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन' तयार केली, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. कागदावर "डोळे मिटा" असं लिहून वाचायला देण्याऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटतो आणि "मी करतो तसं करा" म्हणतो. वाक्य लिहायला सांगण्याऐवजी "तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा" म्हणतात. कौशल्य तेच तपासलं जातं, अक्षरओळखीची अट तेवढी जाते.

तारखेचंही तसंच. एका आजींना मी तारीख विचारली, त्या गप्प. वार विचारला तर म्हणाल्या, "श्रावणातला तिसरा सोमवार. उपास हाय माझा, तुमचं आटपा लवकर." ज्या बाईला वार आणि महिना असा अचूक ठाऊक आहे, तिचं काळाचं भान शाबूत आहे. चाचणीच्या नियमाप्रमाणे इंग्रजी तारखेचा गुण मी दिला नाही, पण हे वाक्य जसंच्या तसं अहवालात लिहिलं. तुमच्या माणसाच्या अहवालात असं काही लिहिलेलं नसेल, नुसता आकडा असेल, तर "त्या काय म्हणाल्या होत्या?" असं जरूर विचारा.

आमच्या घरात तेलुगू बोलतात. मराठीत तपासणी केली तर चालेल का?

शक्यतो नको. मी स्वतः पूर्व भागातल्या तेलुगू घरातली आहे, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहिते.

सोलापुरात घरात तेलुगू किंवा कन्नड, मोहल्ल्यात दख्खनी, बाजारात मराठी, असं आयुष्य लाखो लोक जगतात. पन्नास वर्षं मराठीत व्यवहार केलेला माणूस मराठीत तपासायला काय हरकत आहे, असं वाटतं. पण मेंदू थकला की मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. पॉवरलूमवर हयात गेलेल्या एका काकांना मी एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगायला सांगितली. मराठीत कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, घोडा, आणि थांबले. थोड्या वेळानं तेच तेलुगूत विचारलं. कुक्का, पिल्ली, आवु, गेदे, मेका, एनुगु... चौदा नावं झाली आणि मिनिट संपल्यावरही त्यांचं चालूच होतं. पाच नावांवरून मी काहीतरी गंभीर लिहून बसले असते.

आमच्या तातय्यांच्या, म्हणजे आजोबांच्या बाबतीत ते झालंच. मी तेव्हा कॉलेजात होते. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात दहा मिनिटांत भराभर मराठीत प्रश्न विचारले गेले. लूमच्या खडखडाटानं त्यांना उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नव्हतं, आणि तपासणारा बसला होता उजवीकडेच. कागदावर 'मध्यम डिमेन्शिया' असं लिहून मिळालं. घरच्यांनी घाबरून दुकानाची वही त्यांच्याकडून काढून घेतली. आठ महिन्यांनी कानाला मशीन लावून, तेलुगू येणाऱ्या माणसानं पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांच्या वयाला शोभेल असंच सगळं निघालं. पण मधल्या काळात तातय्यांनी वहीला हात लावायचं सोडून दिलं होतं ते सोडूनच दिलं. मी या कामाकडे वळले ती त्या वहीमुळे.

म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की घरात कुठली भाषा बोलतात. ती भाषा येणारं कुणी नसेल तर दुभाषा लागतो, आणि तो शक्यतो मुलगा-मुलगी नसावा. लेक प्रश्न सांगता सांगता नकळत उत्तराचा धागाही देते.

भाषांची आणखी एक बाजू आहे, ती ऐकून मला फार बरं वाटलं होतं. हैदराबादमध्ये डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली दिसली, आणि हा फरक न शिकलेल्या माणसांतही होता. दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरचा अभ्यास आहे, तेव्हा त्यातून हमी कुणी काढू नये. तरी तीन भाषांत भांडू शकणाऱ्या आपल्या पूर्व भागातल्या आज्यांना मी हे आवर्जून सांगते.

चाचणी झाली ना? मग रोजच्या कामांबद्दल इतकं खोदून का विचारता?

कारण निदानाचा अर्धा भाग त्यातच असतो. स्मरणात घट आहे, पण माणूस आपले व्यवहार आपण सांभाळतोय, तर त्याला डिमेन्शिया म्हणत नाहीत. ती घट रोजच्या जगण्यात आडवी यायला लागली की म्हणतात. आणि ते टेबलासमोर बसून कळत नाही.

रोजच्या कामांचे दोन थर करतात. पहिला अंगाशी निगडित: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठबस, लघवी-संडासवरचा ताबा, आपल्या हातानं जेवणं. ही सहा कामं १९६३ मध्ये कॅट्झ यांनी मांडली. दुसरा थर घर चालवण्याचा: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, गोळ्या वेळेवर घेणं, पैशाचा व्यवहार. ही आठ कामं लॉटन आणि ब्रॉडी यांची, १९६९ ची. डिमेन्शियात बहुधा दुसरा थर आधी ढासळतो, पहिला पुष्कळ नंतर. त्यामुळे "अंघोळ स्वतः करतात, जेवतात, छान चाललंय" हे ऐकून मी निश्चिंत होत नाही.

बल्लभगडच्याच कामातून भारतीय ज्येष्ठांसाठी रोजच्या क्षमतांची एक वेगळी यादी तयार झाली. तिच्यात चेकबुक वगैरे नाही. सणवार लक्षात राहतात का, निरोप नीट पोचवतात का, गावात वाट चुकते का, लग्नकार्यासारख्या बाबतीत मत देतात का, असले प्रश्न आहेत. ती यादी मी वापरतेच, पण सोलापूरची म्हणून माझी एक यादी तिच्या जोडीला असते.

पहिलं, पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस कुठला, आज कुठली भांडी रिकामी करायची, शिळं पाणी कशाला वापरायचं, हा सगळा हिशेब घरातल्या थोरल्या बाईच्या डोक्यात असतो. जी बाई वीस वर्षं गल्लीला पाण्याची वेळ सांगायची, ती आता नळ सुटल्यावर दचकते का?

दुसरं, विड्या. विडी वळणाऱ्या मावशींचे हात पन्नास वर्षांच्या सवयीनं आजारातही बराच काळ चालत राहतात. हातांची आठवण उशिरापर्यंत टिकते. पण पंचवीसची बंडलं बांधताना मोजणी चुकायला लागते, कारखान्यात माल परत यायला लागतो. "वळतात का?" एवढंच विचारलं तर उत्तर "हो" येतं. "मोजतं कोण?" विचारलं की सून सांगते, "दिवाळीपासून मीच मोजते."

तिसरं, भाकरी. एक आजी तीसपैकी चोवीस गुण घेऊन माझ्यासमोर हसत बसल्या होत्या. बोलणं गोड, प्रत्येक उत्तराला एखादी ओवी जोडलेली. सून म्हणाली, "भाकरी वाळल्यासारखी होते हल्ली, तडकते." मी आजींना म्हटलं, मला भाकरी शिकवा. परात, पीठ, उकळतं पाणी, मळणं, थापणं, तव्यावर टाकणं, इथवर हात हवेत सराईत फिरले. मग थेट "उलटायची". वरून पाण्याचा हात फिरवायचा राहिला. मी पुन्हा विचारलं, पुन्हा राहिला. तिसऱ्यांदा मी "तव्यावर टाकली, मग?" म्हणून थांबले, तर त्या तळहाताकडे बघत राहिल्या. सत्तर वर्षांची सवय, आणि मधली एक पायरी गळाली होती. चोवीस गुणांनी जे झाकलं होतं, ते त्या भाकरीनं दाखवलं.

म्हणून माझ्याकडे येण्याआधी आठवडाभर बघा, आणि लिहा. "विसरतात" असं नको. "मंगळवारी दूध दोनदा घेतलं, गॅस चालू राहिला, भिशीचे पैसे दिल्याचं आठवलं नाही" असं लिहा. त्याशेजारी हेही लिहा, की दोन वर्षांपूर्वी हेच काम त्या कसं करायच्या. शेजारच्या आजींशी तुलना कामाची नाही, तुलना त्यांच्याच आधीच्या वागण्याशी करायची.

आमच्या बाबांनी आयुष्यात चहासुद्धा केला नाही. त्यांचं काय बघायचं?

जे ते करायचे, ते बघा. स्वयंपाक येत नाही म्हणून गुण कापायचे नसतात. त्यांची पेन्शन, हयातीचा दाखला, कट्ट्यावरची मित्रमंडळी, देवळातला वर्गणीचा हिशेब, पेपर वाचून त्यावर वाद घालणं, हे बघा. पेपर तासभर हातात असतो पण पान तेच, हे बायकोच्या बरोबर लक्षात आलेलं असतं.

मी खोलीत थोडं करूनही घेते. पाचशेची नोट देते, "तीनशे चाळीस झाले, किती परत द्याल?" म्हणते आणि समोर नोटा ठेवते. उत्तरापेक्षा हात काय करतात ते बघते.

एक अवघड गोष्ट अशी, की काम बंद होण्याचं कारण दरवेळी मेंदू नसतो. गुडघे गेले म्हणून बाजार बंद, मोतीबिंदू वाढला म्हणून हिशेब बंद, नवी सून आली म्हणून स्वयंपाकघर बंद. "करू शकत नाहीत" आणि "आता करत नाहीत" यांतला फरक घरच्यांनीच सांगायचा असतो.

पुण्यातला मुलगा म्हणतो आई ठीक आहे. सून म्हणते नाही. खरं कुणाचं?

बहुतेक वेळा रोज सोबत राहणाऱ्याचं. मुलगा शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो, आई दोन दिवस खुलते, ठेवणीतल्या गोष्टी सांगते, तो रविवारी परत जातो. सुरुवातीच्या डिमेन्शियात माणूस दोन दिवस सावरून धरू शकतो. सुनेला मंगळवार दिसतो. पण थकलेली सून कधी असतं त्यापेक्षा जास्त सांगते, आणि घाबरलेला नवरा बायकोच्या चुका झाकतो, हेही मी पाहिलंय. म्हणून दोघांशी वेगवेगळं बोलते, आणि 'दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आज कसं?' अशा ठरावीक प्रश्नांची यादी दोघांकडून वेगवेगळी भरून घेते. या कारणावरून कृपया घरात भांडू नका. दोघांना घेऊन या.

तीसपैकी एकवीस पडले. म्हणजे नापास?

ही परीक्षा नाही. 'एमएमएसई'मध्ये चोवीसच्या खाली आणि 'मोका'मध्ये सव्वीसच्या खाली गुण असले की पुढे बघायला हवं, असा जुना संकेत आहे. तो शिकलेल्या, नीट ऐकू येणाऱ्या, आपल्याच भाषेत तपासलेल्या माणसांवरून ठरला आहे. निवृत्त प्राध्यापकाचे सव्वीस मला काळजीचे वाटू शकतात आणि चौथी शिकलेल्या मावशींचे एकवीस अगदी ठीक. नुसत्या गुणांवर कुणी "डिमेन्शिया आहे" म्हटलं किंवा "काही नाही" म्हटलं, तर दुसरं मत घ्या.

कागदावर 'एमसीआय' लिहिलंय. ते काय?

विसर वयापेक्षा जास्त आहे, पण रोजचे व्यवहार अजून स्वतःचे स्वतः होतात, अशी मधली अवस्था. यातले काही पुढे डिमेन्शियाकडे जातात, काही वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही सुधारतातही. सहा महिने ते वर्षानं पुन्हा तपासायचं. तोवर बीपी, साखर, कान, डोळे सांभाळायचे आणि माणसांत राहायचं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगानं डिमेन्शियाची हाताळता येण्यासारखी चौदा कारणं मांडली आहेत, त्यांत बहिरेपण, कमी दिसणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपण हे सगळं आहे.

रक्ततपासण्या आणि मेंदूचा फोटो कशाला?

बरी होणारी कारणं सुटू नयेत म्हणून. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत विशेष), थायरॉइड, रक्तातलं सोडियम घसरणं, पडल्यावर हळूहळू डोक्यात साचलेलं रक्त. शिवाय गोळ्या. झोपेच्या गोळ्या, लघवी आवरायच्या काही गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या ज्येष्ठांचं डोकं अक्षरशः धुरकट करतात. त्यातली कुठलीही गोळी मात्र स्वतःहून अचानक बंद करू नका. डॉक्टरांना पिशवी दाखवा.

आई गप्प असते, रडते, "मला काही आठवत नाही" म्हणते. हाही डिमेन्शियाच का?

कदाचित नैराश्य. नैराश्यात माणूस स्वतःच विसरल्याची तक्रार करतो, प्रश्नाला "माहीत नाही" म्हणून सोडून देतो, थोडा धागा दिला की मात्र आठवतं. डिमेन्शियात तक्रार बहुधा घरच्यांची असते. पण दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून पंधरा प्रश्नांची नैराश्याची वेगळी चाचणी घेतो. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात आलेल्या बाईला मी घाईनं कुठलंच लेबल लावत नाही.

परवापर्यंत ठीक होते. काल रात्रीपासून भलतंच बडबडतायत, भिंतीवर माणसं दिसतायत.

माझ्याकडे नको, आजच डॉक्टरांकडे न्या. एक-दोन दिवसांत अचानक आलेला गोंधळ, दिवसात कमी-जास्त होणारा, याला डिलिरियम म्हणतात. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, साखर खाली जाणं, नवी गोळी, बद्धकोष्ठ, कशानंही होतो. बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, तर तो पक्षाघात असू शकतो. मिनिटंही दवडू नका.

आई यायलाच तयार नाही. "मी काय वेडी आहे?" म्हणते.

तिचा राग बरोबर आहे. फसवून आणू नका. "देवळात जाऊ" म्हणून आणलेली माणसं माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत, आणि पुढे मुलावरही विश्वास ठेवत नाहीत. बीपी-साखरेसारखीच डोक्याचीही वयानुसार तपासणी असते, हे खरं आहे आणि तेवढंच सांगा. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं तर बरेच ऐकतात. "अहो, मलाही विसरायला होतं, आपण दोघं दाखवून येऊ" असं म्हणून एक आजोबा आजींना घेऊन आले होते. मी दोघांनाही तपासलं.

मोबाईलवर फिरणारी चाचणी घरीच घेतली तर?

नको. आणि खऱ्या चाचणीचे प्रश्न आधी पाठ करून घेणं तर मुळीच नको. मग खरी अवस्था आम्हाला दिसतच नाही.

निदान झालं तर सही, पैसे, गाडी?

निदान झालं म्हणून सही आपोआप रद्द होत नाही. मृत्युपत्र करताना माणसाला आपण काय करतोय हे समजत असलं पाहिजे, असं कायदा बघतो. म्हणून सुरुवातीच्या काळातच, त्यांच्या इच्छेनं, वकील आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं कागद करून घ्या. पैशाचं थोडं थोडं करा. बँक मुलाकडे गेली तरी भाजीचे पैसे त्यांच्या बटव्यात राहू द्या. स्कूटर मात्र ज्या दिवशी ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ झाला, त्या दिवसापासून नको.

औषध आहे का?

अल्झायमरसारख्या आजारात डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधं काहींना लक्षणांत काही काळ मदत करतात. आजार मुळापासून जात नाही. आणि डिमेन्शियाच्या प्रत्येक प्रकारात ती चालतात असंही नाही, म्हणून आधी प्रकार कळायला हवा.

त्यांना स्वतःला सांगायचं का?

मी आधी त्यांनाच विचारते, "तपासात काय निघालं हे तुम्हाला ऐकायचंय का?" बहुतेक जण हो म्हणतात. बऱ्याच जणांना आतून कळलेलंच असतं, आणि कुणीतरी मोकळं बोलल्यावर त्यांचा चेहरा सैल पडतो. नको म्हणणाऱ्यांना नको.

सोलापुरात कुठे दाखवायचं? खर्च?

सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मेडिसिन आणि मानसोपचार विभागाच्या ओपीडीपासून सुरुवात करता येते. खासगी न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञही शहरात आहेत. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं, पण ते दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे. ओपीडीतली ही तपासणी त्यात येत नाही. अडचणीत ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. थकलेल्या सुनेनं फोन केला तरी चालतो.

तपासणीच्या दिवशी काय आणायचं? उपाशी यायचं का?

उपाशी अजिबात नको. रक्त द्यायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी. नेहमीचं जेवण, नेहमीच्या गोळ्या घेऊन, सकाळची वेळ मागून या. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी दोनला रिक्षातून आलेल्या माणसाची स्मरणशक्ती तपासणं हा त्याच्यावर अन्याय आहे. चष्मा, कानाचं मशीन (सेल बदलून), कवळी, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी, जुने कागद, तुमची आठवडाभराची वही. रात्री झोप झाली नसेल, ताप असेल, तर फोन करून दिवस बदला. आणि त्यांना आवडतं ते काहीतरी, एखादा जुना फोटो, विणलेली चादर, सोबत असू द्या. पहिली दहा मिनिटं आम्ही त्याबद्दलच बोलतो.